अक्काचं गुलाबी वाण

आमच्या गावात पेटी एकच होती आणि ती पुरुषांची होती. मारुतीच्या देवळात, फडक्यात बांधून ठेवलेली असायची. आम्हा बायकांचं भजनी मंडळ बसायचं दुपारचं, शेतातली आणि चुलीपुढची कामं आटोपून. दरवेळी पुरुष मंडळाकडून पेटी मागून आणायची, वाजवायची, पुसून परत ठेवायची. वाजवणारी मी. लग्नाआधी मामाकडे शिकले होते. आणि गाणारी माझी थोरली जाऊ. तिला सगळं गाव अक्का म्हणायचं, म्हणून मीही अक्काच म्हणायची.

आदिलाबादकडच्या बोथच्या बाजूचं आमचं गाव. घरची वांगी, मेथी, मिरची, आणि आठवड्याच्या बाजारात आमचं दुकान, म्हणजे जमिनीवर अंथरलेलं पोतं. अक्काला अक्षराची ओळख नव्हती, पण गाणी तिची स्वतःची. कुठल्या पोथीतली नाहीत, कुणाकडून ऐकलेली नाहीत. वाफे खुरपता खुरपता जुळवायची. ‘माझ्या मेथीच्या वाफ्यात, देवा हळू पाय टाक’ हे तिचं गाणं सुरू झालं की शेजारच्या शेतातल्या कापूस वेचणाऱ्या बायका ओटीतला कापूस सांभाळत बांधावर येऊन उभ्या राहायच्या. सासरी आले त्या वर्षी मी रोज रडायची. ते रडणं थांबलं तिच्या गाण्यानं. हे मी तिला कधी तोंडावर सांगितलं नाही, इथे सांगून टाकते.

तर रामनवमी होती. नव्वदच्या आसपासचं साल असेल. भर दुपारी जन्म झाला, गुलाल उधळला, पाळण्याची दोरी बायकांच्या हातात आली आणि अक्कानं स्वतः रचलेला पाळणा म्हणायला घेतला. दोन कडवी झाली असतील. तेवढ्यात आमचा एक चुलत दीर आत आला. पुरुष मंडळाचं सगळं तोच बघायचा. त्यांना गुडीहत्नूरला भजनाचं बोलावणं होतं आणि जीप बाहेर येऊन उभी होती.

“वहिनी, उशीर होऊन राह्यला,” म्हणाला, आणि माझ्या बोटांखालून पेटी उचलली. भात्यात उरलेली हवा तशीच वाजत देवळाबाहेर गेली.

अक्का थांबली. पाळण्यातला राम तसाच, दोरी तशीच. आम्ही म्हटलं, असू द्या, टाळावर होऊन जाऊ द्या. तिनं टाळ पदराच्या टोकात बांधले.

“आता आपली पेटी आल्याबिगर मी गात नाई,” ती म्हणाली. आवाजसुद्धा चढवला नाही.

मला वाटलं, चार दिवसांचा राग आहे, उतरेल. पण कसलं काय. वैशाख गेला, पेरण्या झाल्या, पोळा झाला, बाईनं ओठाला ओठ लावला तो लावलाच. बोलायची, हसायची, गिऱ्हाइकाशी भावावरून भांडायची. गात मात्र नव्हती. वांगी तोडताना मी मुद्दाम तिच्या गाण्याची पहिली ओळ चुकीची म्हणायची, की हिला राहवणार नाही. ती दुसऱ्या ओळीतली वांगी तोडायला निघून जायची. घरात थोरल्या भाऊजींनी एकदा भाकरी मोडता मोडता म्हटलं, “घर सुनं सुनं लागून राह्यलं.” तिनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

पेटी काही भाजीच्या पैशातून येणारी वस्तू नव्हती. पण एका जत्रेत मी पाहिलं होतं, गाणाऱ्यांच्या मंडपाबाजूला त्यांच्यातलाच एक माणूस चादर अंथरून गाण्यांच्या चोपड्या विकत बसलेला. लोक गाणं ऐकून उठायचे आणि चोपडी घेऊन जायचे. मी अक्काला म्हटलं, “तुम्ही गाऊ नका. पण गाणी छापू तर द्या. लोक घेतील, पेटी येईल.”

“मले वाचता येत नाई अन् मी पुस्तकं इकू काय?”

“वाचायचं लोकांनी. तुम्ही नुसतं सांगा.”

मग तिनं सांगितली आणि मी लिहून घेतली. बाजारात वांग्याचा भाव सांगावा तशी सांगायची, चाल कुठे लागू द्यायची नाही. मी आठवी पास, त्यामुळे लेखनाचा सगळा दोष माझ्याकडे. आदिलाबादच्या एका छापखान्यात गेलो. छापणारा तेलुगू माणूस, भला. मराठी अक्षरांचे खिळे त्याच्याकडे होते, पण मुखपृष्ठावर घालायला वीणेचं चित्र नव्हतं. लग्नपत्रिकेचा कलश होता, तोच टाकला. कागदही पत्रिकांचाच उरलेला, गुलाबी. मागच्या पानावर कपाशीच्या बियाण्याच्या एका दुकानाची जाहिरात, भल्या मोठ्या बोंडाच्या चित्रासकट. छपाईचा निम्मा खर्च त्या दुकानदारानं उचलला होता, त्यामुळे बोंड झाकायची सोय नव्हती.

बोथच्या बाजारात मेथीच्या जुड्यांशेजारी चोपड्या मांडल्या. ओळखीच्या बाया आल्या. एक म्हणाली, “लगन कोनाचं हाय व?” दुसरीनं चोपडी उचलली, कपाळाला लावली आणि होती तिथे ठेवून दिली. “गानं का इकत घ्या लागते? तू म्हन, आमी आयकतो.” एकीनं तर किलोभर वांगी घेतली आणि वर कोथिंबिरीसारखी एक चोपडीही पिशवीत टाकायला सांगितली. माझं डोकं असं तापलं! अक्काच्या गाण्यासाठी हातातलं काम टाकणाऱ्या याच बाया, आणि एवढीशी चोपडी घेताना यांचे हात जड होतात. पाच-सहा बाजार झाले. बोटांवर मोजण्याइतक्या खपल्या.

युक्ती काढली ती अक्कानंच. एका बाजारात बांगड्यांच्या दुकानापुढची गर्दी बघत बसली होती. संक्रांत जवळ आलेली, बाया वाणासाठी साबणाच्या डब्या, फण्या, चहाच्या गाळण्या पंचवीस-पंचवीस घेऊन चालल्या होत्या.

“धाकले, बाई सोतासाठी कायी घेत नाई,” ती मला म्हणाली. “लुटासाठी घेते.”

आमच्याकडची संक्रांत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक बाई एकच वस्तू पुष्कळ घेते, घरी हळदी-कुंकू करते, आणि येणाऱ्या प्रत्येकीला तिळगुळाबरोबर ती वस्तू एकेक देते. हे वाण लुटणं. मग ती स्वतः दुसऱ्यांच्या घरी जाते आणि त्यांचं वाण घेऊन येते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हेच चालू.

मग काय, आम्ही चोपड्यांच्या अकरा-अकराच्या जुड्या बांधल्या, मेथीसारख्या, आणि वर हळदी-कुंकवाचं बोट लावलं. “वाणाले अक्काचे गाने” म्हटलं की बाया थांबायला लागल्या. प्लास्टिकच्या डबीपेक्षा स्वस्त, शिवाय देवाचं. जुड्या उडाल्या. छापखान्यातून आणखी आणाव्या लागल्या. आदिलाबादला एक जुनी पण सुरात बसलेली पेटी बघून ठेवली. रथसप्तमीपर्यंत दुसऱ्याला देणार नाही, असा दुकानदारानं शब्द दिला. मी तर तेव्हापासूनच चुलीच्या कडेवर बोटं फिरवायला लागले होते.

एवढ्या आम्ही शहाण्या, पण साधी गोष्ट दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आली नाही. गावातल्या सगळ्या बायांनी एकच वाण घेतलं होतं.

संक्रांतीच्या दिवशी नवं लुगडं नेसून पहिल्या घरी गेले. तिळगुळ मिळाला, गुलाबी चोपडी मिळाली. अभिमान वाटला. दुसऱ्या घरी चोपडी. तिसऱ्या घरी चोपडी. चौथ्या घरातल्या बाईनं माझ्या ओटीत चोपडी घालताना माझ्याकडे असं बघितलं की मी तिळगुळ तोंडात धरूनच बाहेर पडले. अंधार पडायच्या आत गावातल्या प्रत्येक घरी पंधरा-वीस चोपड्यांची चळत झाली होती. आपल्या उरल्या त्या होत्याच, वर लोकांच्या आलेल्या. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! विहिरीवर बाया हसून लोटपोट. “औंदा चायची गाळनी एकबी नाई भेटली व अक्का.” “माहं वान मलेच वापस आलं.”

मीही हसले. अक्का हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलं घेऊन उंबऱ्यात उभी.

“चाल. पुस्तकं वापस घिऊ, पैसे दिऊन टाकू. देवाच्या नावानं फसवलं आपन लोकायले.”

“आणि पेटी?”

“राहू दे पेटी.”

म्हणजे गाणंही राहू दे. मी वाटभर तिच्याशी भांडले. फसवलं कुणी, त्या काय कुक्कुली बाळं होत्या, गाळणी घ्यायला कुणी हात धरला होता? ती ऐकत पुढे चालत राहिली. माझा राग नाकावर आणि तिचा पोटात, हा आमच्यातला जुनाच फरक.

पहिलं घर ओढ्याच्या काठचं, पालेभाजी विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईचं. अक्कानं टोपलं खाली ठेवलं, पैसे पुढे केले आणि चोपड्या मागितल्या. म्हातारीनं कपड्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. वरच, लुगड्याच्या घडीवर, चोपड्या रचून ठेवलेल्या.

“सतरा हायेत,” म्हातारी म्हणाली. “मले वाचता येते काय? एकातूनबी आवाज निंगत नाई. कान लावून पायला मी.”

“म्हनूनच त न्याले आली,” अक्का म्हणाली.

“मंग घेतले काऊन असतीन मी? तू बंद झाली म्हनून घेतले. पैसे ठेव तुह्यापाशी. एक वाचून दाखव.”

अक्का उभीच. म्हातारीनं सगळ्यात वरची चोपडी तिच्या हातात दिली आणि स्वतः भिंतीला टेकून पाय पसरून बसली. ऐकल्याशिवाय ही उठणार नाही, हे मला तिच्या बसण्यावरूनच कळलं. अक्कानं माझ्याकडे बघितलं. मी ओढ्याकडे बघितलं. मी वाचून दाखवू शकले असते, पण मी काही एवढी मूर्ख नव्हते.

मग अक्कानं चोपडी उघडली. उघडलं नेमकं मागचं पान. डोळ्यांपुढे कपाशीचं बोंड धरून, त्या बियाण्याच्या जाहिरातीवर बोट फिरवत, तिनं सुरुवात केली, ‘माझ्या मेथीच्या वाफ्यात, देवा हळू पाय टाक.’ पहिली ओळ बोलल्यासारखी. दुसरीत चाल आली. तिसरीत आवाज मोकळा झाला तेव्हा ओढ्यावर धुणं आपटणं थांबलं. नऊ महिन्यांनी ऐकत होते मी तो आवाज. मी रडले, पदर तोंडात घालून हमसून रडले, आणि याची मला आजही लाज नाही.

घरी येताना न राहवून म्हटलं, “अक्का, शपथ मोडली.”

“काऊन? मी गायली कुठी? मी त वाचून दाखवलं.”

मग रथसप्तमीपर्यंत आमचं तेच काम झालं. ज्या घरी जावं तिथे पैसे कुणी घेईना आणि चोपडी कुणी देईना. वाचून दाखव म्हणायच्या. अक्का बोंडाचं पान काढायची आणि वाचायची. चोपड्यांच्या चळतीही मग घरांतून हलल्या. माहेरी जाणाऱ्या लेकी-सुनांनी नेल्या, कुणी मंचेरियलला कोळशाच्या खाणीवरच्या जावयाकडे नेल्या, कुणी पैनगंगेपलीकडे. पेटी आली. बसमध्ये बोथपर्यंत मी ती मांडीवरून खाली ठेवली नाही.

पुन्हा रामनवमी आली. आमची पेटी, आमचा पाळणा. दोन कडवी झाली आणि दारात तोच चुलत दीर. बाहेर जीप. पुरुषांच्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला होता, हे गावाला ठाऊक होतं. मी वाजवायची थांबले. अक्कानं डोळ्यांनी मला दटावलं, वाजव. तिनं एकही कडवं गाळलं नाही. जीपचा भोंगा दोनदा वाजला. तो चपला काढून बायकांच्या मागे, खांबाशी बसून राहिला.

पाळणा संपला तेव्हा अक्कानं पेटी स्वतः त्याच्याकडे सरकवली. मी दिली नसती. मी एवढ्या मोठ्या मनाची नाही, हे मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पेटी घेऊन घरी आला, नव्या फडक्यात बांधून. ओसरीवर ठेवली, पण जाईना. अंगठ्यानं जमीन उकरत उभा.

“वहिनी, कालचा पाळना पुस्तकात हाय काय? मागच्या साली अर्धाच आयकला होता मी. एक पुस्तक द्या. इकत घेतो.”

मी आत जाऊन कोनाडा पाहिला, टोपलं पाहिलं. एकही उरली नव्हती. तसं येऊन सांगितलं.

अक्कानं निवडायला घेतलेली मेथी बाजूला केली, लुगड्याला हात पुसले आणि दोन्ही तळवे पुस्तकासारखे डोळ्यांपुढे धरले.

“बसा भाऊजी,” ती म्हणाली. “वाचून दाखवते.”