सरूमावशी आणि रिकामी गोळी

संशोधनाचं संमतिपत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेणारी जी पहिली व्यक्ती मला भेटली, ती चौथी शिकलेली होती.

मी नाशिकमध्ये एका मेंदूविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात काम करते. नवीन औषध दुकानात येण्याआधी ते रुग्णांना देऊन तपासतात. त्या तपासणीची कागदपत्रं, मोजमापं आणि रुग्णांना करायचे फोन माझ्याकडे असतात. संमतिपत्रक वीसेक पानांचं असतं. दुसऱ्या पानावरच लोक म्हणतात, "मॅडम, कुठं सही करू ते सांगा." सरूमावशी म्हणाल्या, "वाच. मला घाई नाय."

डोक्यावर पदर, कपाळावर गोंदण. थरथरणारा उजवा हात त्यांनी डाव्या हातानं मांडीवर दाबून धरला होता, उधळलेल्या वासराला धरावं तसा. मी वाचत गेले. एका ओळीपाशी त्यांनी मला थांबवलं.

"हे परत वाच."

"या अभ्यासामुळे तुम्हाला व्यक्तिशः फायदा होईलच असे नाही."

"मंग कुनाला व्हईल?"

"पुढच्या लोकांना. औषध चांगलं ठरलं तर."

"मंग हे पयल्या पानावर का नाय लिहिलं? एवढं आत कशाला दडवलं?"

मी पुढं वाचू लागले. वाचायला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी वाकडीतिकडी सही केली. सुरुवातीचा 'स' ठसठशीत होता आणि शेवटचं अक्षर मुंगीएवढं. पार्किन्सन्समध्ये अक्षर असंच बारीक होत जातं.

त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला, शहर मागं पडतं तिथं त्यांचा दीड एकराचा मळा होता. शेवंती, झेंडू, बांधाला निशिगंध. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा रामदास फुलं घेऊन बाजारात जायचा आणि सून मनीषा मळा बघायची. हार, वेण्या, गजरे मात्र मावशींचे. त्यांच्या हारात मागच्या बाजूलाही शिळं फूल सापडायचं नाही. लग्नाच्या घाईतसुद्धा नाही. "देव काय फक्त पुढून बघतो का?" असं त्या म्हणत.

हा आजार आधी त्यांच्या बोटांत आला. दोऱ्याचा फास अंगठ्यावर बसेना. मग हात थरथरू लागला, चाल आखडली. "हात माझाच हाय," त्या डॉक्टरांना म्हणाल्या होत्या, "पन माझं ऐकत नाय." नेहमीच्या गोळ्यांनी काही तास बरे जात. गोळीचा असर उतरला, की अंग पुन्हा लाकूड. ते उतरण्याचे तास कमी करील असं एक नवं औषध आम्ही तपासत होतो. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली, ते डॉक्टरांना माहीत नसतं आणि मलाही नाही.

"तुला बी ठाऊक नाय?" मावशींनी विचारलं.

"नाही."

"शपथ?"

"शपथ."

"मंग ठीक हाय. दोघी बी आंधळ्या."

तपासणीच्या दिवशी रुग्णांना सकाळची नेहमीची गोळी न घेता यावं लागतं, म्हणजे आजार मूळ रूपात दिसतो. मावशी रामदासच्या मोटरसायकलवर मध्ये बसून यायच्या, मागून मनीषानं कवेत धरलेलं. बोटं आपटायची, मूठ उघडमीट करायची, खुर्चीतून उठून दारापर्यंत जाऊन यायचं, आणि मी घड्याळ लावायची. घरी एक तक्ताही भरायचा होता. दर अर्ध्या तासाला खूण करायची, अंग मोकळं होतं की अडकलेलं.

एकदा तक्ता फार सुंदर भरून आला. सगळ्या खुणा 'मोकळं'च्या रकान्यात. मी तो फायलीत लावणार तेवढ्यात मावशींनी बोट ठेवलं.

"हे मनीषानं भरलंय. मंगळवारी मी दुपारभर ओट्याला टेकून हुभी व्हते. पाऊल उचलंना."

मनीषा लाजली. "मला वाटलं, चांगलं लिहिलं तर औषध बंद करणार नाहीत."

"खोट्या तक्त्यावर खरं औषध कसं ठरायचं गं?" मावशी रागावल्या नव्हत्या. तो तक्ता त्यांनी बाद करायला लावला आणि त्या आठवड्याच्या खुणा पुन्हा नव्यानं केल्या. दर अर्ध्या तासाला मनीषाला हाक मारून.

पाय जमिनीला चिकटायचे, त्यावर आमच्या फिजिओथेरपिस्टनं एक साधा उपाय सांगितला. जमिनीवर आडव्या रेघा आखायच्या आणि एकेक रेघ ओलांडत जायचं. मेंदूला दिसणारी खूण मिळाली की पाय सुटतो. मनीषानं हौसेनं झेंडूच्या माळा आडव्या अंथरल्या. मावशी दारातच थबकल्या. "फुलावरून पाय कसा टाकू?" शेवटी जुन्या लुगड्यांचे काठ फाडून फरशीवर चिकटवले. घरी गेले तेव्हा मी पाहिलं, मावशी एकेक काठ ओलांडत स्वयंपाकघरातून ओटीवर येत होत्या आणि प्रत्येक पावलाला ते लुगडं कुठल्या लग्नातलं ते सांगत होत्या.

चौथ्या महिन्यात त्या वेगळ्याच दिसल्या. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठल्या. बोटं आपटण्याचा वेग वाढला होता. मी दोनदा मोजला. मग त्यांनी पिशवीतून केळीच्या पानाची पुडी काढली. आत शेवंतीची वेणी होती. एक-दोन ठिकाणी फास सैल पडलेला, पण वेणी होती.

"मी केलीय. मनीषानं हात लावला नाय. वळ तिकडं."

त्यांनी ती माझ्या केसांत माळली. त्यांच्या बोटांची थरथर मला मानेवर जाणवत होती. मी त्यांच्याकडे पाठ करून उभी होते, म्हणून बरं. माझे डोळे भरून आले होते.

सगळ्यांची खात्री झाली, मावशींना खरी गोळी लागली. माझीही झाली. डॉक्टर तेवढे म्हणाले, "निकाल येऊ द्या."

अभ्यास संपला तशा गोळ्या परत घेतल्या. नियमच तसा होता आणि संमतिपत्रकात लिहिलेलाही होता. दोन महिन्यांत मावशी पूर्वीसारख्या झाल्या. मग पूर्वीपेक्षा वाईट. मनीषा माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहायची. "मॅडम, तीच गोळी द्या ना. कुठं मिळते ते सांगा, आम्ही आणू." मी सांगायची, अजून निकाल नाही, ती गोळी कुठेच मिळत नाही. ती निघून गेली की माझं कामात लक्ष लागत नसे.

निकाल यायला वर्षाहून जास्त काळ गेला. औषध उपयोगाचं ठरलं नव्हतं. खऱ्या गोळीचे लोक सुधारले होते, पण रिकाम्या गोळीचेही जवळजवळ तितकेच सुधारले होते. सोबत आमच्या रुग्णांची यादी होती. सरूमावशींच्या क्रमांकापुढे लिहिलं होतं, रिकामी.

मी डॉक्टरांना म्हटलं, "न सांगितलं तर नाही का चालणार? ते बरे गेलेले महिने त्यांना किती मोलाचे वाटतात."

"मोलाचे होतेच," डॉक्टर म्हणाले. "बरं होण्याच्या आशेनं मेंदू स्वतःच थोडं ते द्रव्य सोडतो, जे या आजारात कमी पडतं. त्यांची बोटं खरंच चालली होती. पण निकाल कळवा, असं त्यांनी संमतिपत्रकावर लिहून दिलंय. सांगावं लागेल."

मी मळ्यावर गेले. मावशी ओटीवर बसल्या होत्या, समोर शेवंतीची पाटी. मनीषा निवडत होती. मी आधी औषधाचं सांगितलं, मग गोळीचं. मनीषाचे हात थांबले. मावशींनी एकच विचारलं.

"म्हंजे आत काईच नव्हतं?"

"नाही मावशी."

त्यांनी मान मळ्याकडे फिरवली. मग म्हणाल्या, "तू जा आता." मी उठले. फाटकापाशी मनीषा मागून आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "त्या वेणीचा मी मोबाइलवर काढलेला फोटो त्यांनी देवघरात लावलाय, मॅडम." एवढंच बोलून ती परत गेली.

पुढच्या महिन्यात मावशी नेहमीच्या तपासणीला आल्या नाहीत. त्यानंतरही नाही. मी फोन केला की रामदास "बरी हाय" म्हणून ठेवून द्यायचा. आपण एका म्हाताऱ्या बाईचं सुख काढून घेतलं, ही टोचणी मला सुटेना.

तिसऱ्या महिन्यात त्या अचानक आल्या. मनीषाच्या खांद्यावर हात, चाल फार मंदावलेली. माझ्यासमोर बसल्या आणि थेट बोलू लागल्या. आवाज बारीक झाला होता, मला पुढं वाकावं लागलं.

"लय राग आला व्हता. तुझा नाय. माझाच. वाटलं, येड्यावानी हसत व्हते, वेणी काय आनली, सांगत काय फिरले. मंग एक दिस रामदासनं नवं खत आनलं. दुकानदार म्हनला, फूल दुप्पट येतं. मी म्हनलं, एक वाफा बिनखताचा ठेव. त्याशिवाय कळायचं कसं, खतानं आलं का पावसानं?" त्या थांबल्या, श्वास घेतला. "आन् बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं. पोरी, तो वाफा मीच की."

मी त्यांचा हात हातात घेतला.

"पन मला एक सांग. मी रिकाम्या गोळीवर चांगली झाले, म्हनून ते औषध नापास झालं का? माझ्यामुळं बुडालं?"

"बुडालं नाही, मावशी. उपयोग नसलेलं औषध हजारो लोक आयुष्यभर घेत बसले असते. तुम्ही खरं तेच नोंदवलंत, म्हणून ते कळलं."

त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग मनीषाकडे बघून म्हणाल्या, "ऐकलं का गं?" आणि निकालानंतर पहिल्यांदाच हसल्या. या आजारात चेहरा ताठ होतो, हसू ओठांपर्यंत यायला वेळ लागतो. त्यांचं आलं.

त्यानंतर त्या आल्या की बाहेरच्या बाकावर बसायच्या. नव्या अभ्यासासाठी आलेल्या माणसांना स्वतःहून विचारायच्या, कुठून आलात, काय होतं. कळवणहून आलेल्या एका शिक्षकाला त्या सांगत होत्या, "रिकामी गोळी निघाली तर चालंल का, ते आधी मनाला इचारा. चालनार नसंल तर सही करू नका. हे लोक चांगले हायत, पन ते वाक्य आत दडवत्यात." तो शिक्षक घरी गेला आणि आठ दिवसांनी बायकोला घेऊन परत आला. मावशींनी सांगितलं तसं मनाला विचारून आलो, म्हणाला. पुढच्या अभ्यासापासून 'फायदा होईलच असे नाही' हे वाक्य आम्ही पहिल्या पानावर घेतलं. त्यासाठी डॉक्टरांनी संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीला तीन पत्रं लिहिली.

गेल्या हिवाळ्यात मावशींना घास गिळणं जड जाऊ लागलं. फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला, एकदा निभावलं, दुसऱ्यांदा डॉक्टरांनी घरीच ठेवायला सांगितलं. मी भेटायला गेले तेव्हा त्या खाटेवर पडून होत्या. झोपेत हात थरथरत नाही, तसा तो अगदी शांत पडला होता. मी बसले तशी त्यांनी डोळे उघडले.

"नवा अभ्यास सुरू झाला?"

"झाला."

"मानसं येत्यात?"

"येतात."

त्यांचे ओठ हलले, पण मला ऐकू आलं नाही. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"सकाळची गोळी न घेता येत्यात. अंग लाकूड झालेलं, पोटात काय नाय. आन् तू आल्या आल्या बोटं आपटायला लावती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आधी च्या देत जा."

आठव्या दिवशी त्या गेल्या.

डॉक्टरांना विचारून मी तपासणीच्या खोलीत एक शेगडी ठेवली. आता पहाटे निघून आलेलं कुणी खुर्चीत बसलं, की मी घड्याळ खिशातच राहू देते. चहा अर्धाच कप ओतते, म्हणजे थरथरत्या हातातून सांडत नाही. तो पिऊन होईपर्यंत थांबते, आणि मग विचारते, "सुरू करू या का?"