न थिजलेलं तूप

भागीरथाच्या जिभेला धार होती, काळीज मात्र सशाचं. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, दावणीला चांदी नावाची एक गाय. वैनगंगेकाठी सावली भागातल्या त्या धानाच्या गावात तिच्या तुपाला मोठा मान होता. हिवाळ्यात ते असं रवाळ थिजायचं की बोट रुतायचं नाही. बाईला त्याचा ताठाही भरपूर. दुसरीच्या तुपाला नावं ठेवल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे.

पौष पौर्णिमेच्या सकाळी गावातली प्रत्येक गाईवाली गावदेवी मातामायच्या ठाण्यावर तुपाची पणती नेत असे. पणतीत वात उभी करायची, तूप ओतायचं आणि थिजू द्यायचं. पुजारी इस्तारी एकेक पणती आपल्या तळहातावर पालथी करून पाही. तूप सांडलं नाही, म्हणजे ते मातामायला पावलं. सांडलं तर काय, हे कुणी कधी विचारलं नव्हतं, कारण पौषातल्या थंडीत तूप सांडतं कशाला!

चोपन्न साली पौर्णिमेला दहा दिवस उरले असताना भागीरथानं लोणी कढवलं. सकाळी बरणी उघडून पाहते तर तूप तेलासारखं डुचमळत होतं. पुन्हा घुसळलं, पुन्हा कढवलं. लोण्याचा नीट गोळाही होईना, ते बोटांना चिकटून राही. गाईला दृष्ट लागली म्हणून तिनं मीठमिरच्या ओवाळल्या. गाय अशक्त झाली म्हणून ढेपेचा वाटा दुप्पट केला. एरवी ती चांदीला सरकी घाली. यंदा बाजारात सरकी आलीच नव्हती, म्हणून डोमा तेल्याच्या घाण्यावरून जवसाची ढेप, तेल गाळून उरलेली पेंड, आणली होती. गाय ती मिटक्या मारत खाई, आणि तूप आणखीच पातळ होई.

पौर्णिमेला जावं तर भीती, न जावं तर त्याहून मोठी भीती. पणती पदराखाली धरून ती रांगेत उभी राहिली. इस्तारीनं पणती पालथी केली, आणि तूप त्याच्या मनगटावरून थेट कोपरापर्यंत ओघळलं.

"भागीरथाबाई," गावचा पाटील लटारू म्हणाला, "तुपात तेल मिसळलं काय?"

भेसळ, आणि तीही मातामायच्या पणतीत! भागीरथानं देवीपुढे हात जोडले.

"मातामायची आन, नाई जी. निवळ चांदीचं तूप हाये."

"मंग करणी हाये," इस्तारी हात पुसत म्हणाला. "ताक घुसळताना तुह्या घरी कोन येते?"

कोणी नाही, असं म्हणता आलं असतं. पण सगळं गाव तिच्याकडे पाहत होतं, आणि त्या नजरा आपल्यावरून कुठंतरी दुसरीकडे वळाव्यात, एवढंच तिला हवं होतं.

"मैना येते," ती म्हणाली.

मैना शेजारची म्हातारी. रोज सकाळी लोटाभर ताक न्यायची आणि बदल्यात गोठा झाडून द्यायची. त्या दिवसापासून विहिरीवर तिला कुणी पाणी भरू देईना, तिच्या दारावरून कुणी जाईना. एके सकाळी तिच्या झोपडीच्या कुडाला कुणीतरी काटे लावून ठेवले. आठव्या दिवशी मैना गाठोडं घेऊन वैनगंगेपलीकडे भावाच्या गावी निघून गेली. भागीरथानं दाराच्या फटीतून पाहिलं. बाहेर यायचं तिचं धाडस झालं नाही.

पुढच्याच बाजाराला सरकी आली. दहा-बारा दिवसांनी बरणीतलं तूप पहिल्यासारखं घट्ट थिजलं. "पाहा, मैना गेली अन् तूप थिजलं," गाव म्हणालं. भागीरथाला हायसं वाटायला हवं होतं. उलट तिची झोपच उडाली. मैना गेली तेव्हाच ढेपही संपली होती, हे एकट्या तिलाच माहीत होतं.

तिनं डोमाकडून पुन्हा जवसाची ढेप आणली. दहा दिवस चांदीला तेवढीच घातली, आणि ते तूप दुसऱ्या बरणीत भरलं. माघातल्या एका गार सकाळी दोन्ही बरण्या शेजारी ठेवून पाहिल्या. सरकीचं तूप दगडासारखं, जवसाचं पातळ. तिला रडूच कोसळलं. मग दोन वाट्या भरून ती तडक चावडीवर गेली.

"लटारूभाऊ, करणी-गिरणी काई नाई. गाय जे खाते तसं तूप होते. मैनाचा काई दोस नाई, तिले परत बलावा."

लटारूनं वाट्या पाहिल्या, हात मात्र लावला नाही. डोमा उठून म्हणाला, "माह्या ढेपेचं नाव घेऊ नोको, बाई. साऱ्या गावाच्या गाई खातेत ते."

"खातेत मूठभर, कोंड्यासंगं. मी टोपलंभर घातली."

"म्हंजे," लटारू सावकाश म्हणाला, "तूप थिजवाचं का नाई, हे तुह्या हातात हाये?"

जवळ बसलेली माणसं हळूहळू मागं सरकत होती. इस्तारी तिच्या हातांकडे पाहत होता. विहिरीकडून येणारी एक बाई थबकली, आणि डोक्यावरच्या हंड्याचं तोंड तिनं पदरानं झाकलं.

भागीरथा घरी गेली नाही. तशीच नदीकडे निघाली, नावाड्याच्या डोंग्यातून पलीकडे उतरली आणि विचारत विचारत मैनाच्या भावाच्या अंगणात पोचली. मैना धान पाखडत होती. भागीरथाला पाहताच तिच्या हातातलं सूप थांबलं.

"मैनाबाई, तुपावर काई करणी नोती!" भागीरथा लांबूनच हुंदके देत बोलू लागली. "जवसाच्या ढेपेनं पातळ झालं. करणीसाठी तुह्यं नाव मीच घेतलं, भेवानं घेतलं. आता मी साऱ्याइले सांगतो..."

मैना धडपडत उठली, शेजारच्या कुडाकडे पाहिलं आणि आपला सुरकुतलेला हात तिच्या तोंडावर दाबला.

"हळू बोल, माय," ती कुजबुजली. "मी काऊन आली, हे इथी कोनालेच मालूम नाई."