केळ्यांचं पांघरूण

बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, ‘आजी, कव्हरला मराठीत काय म्हणतात?’ कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, म्हणून मी ‘झाकणं’ एवढं सांगून मोकळी झाले. फोन ठेवल्यापासून ते उत्तर मला टोचतं आहे. वसईच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बाईने इतकं स्वस्तात सुटायला नको होतं. म्हणून हे बैठक मारून लिहिते आहे. तुमचा बाबा वाचून दाखवील. त्यालाही यातलं सगळं ठाऊक नाही.

उशीला घालतात तो अभ्रा. गादीची खोळ. तंबोऱ्याची गवसणी. पातेल्यावर झाकण आणि अंगावर पांघरूण. छपरावर नवा पेंढा घालतात ते शाकारणं. वह्यांना मात्र आपणही कव्हरच घालतो. इंग्रजीचं या सगळ्यांना एका शब्दात भागतं, आणि मीही फळ्यावर त्याचा एकच अर्थ लिहून द्यायचे. मुलं निमूट उतरवून घेत. तो अर्थ किती तोकडा आहे हे मला निवृत्तीनंतर कळलं, पापडी गावी, तुमच्या मोठ्या आजीच्या वाडीत.

मोठी आजी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना ताई म्हणते. तुम्हाला डब्यातून येतात ती सुकेळी त्यांच्या हातची. राजेळी जातीची केळी पिकवायची, सोलायची आणि बांबूच्या मांडवावर उन्हात वाळवायची. संध्याकाळी ती टोपल्यांत भरून केळीच्या वाळलेल्या पानांनी झाकायची, सकाळी पुन्हा उन्हात पसरायची. असं आठवडाभर. घरात हे करणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या.

तीन वर्षांपूर्वी, थंडीत, केळी मांडवावर चढून दोनच दिवस झाले असताना ताई विहिरीपाशी घसरून पडल्या. उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. त्यांचा मुलगा, म्हणजे तुमचा काका, म्हणाला की आता पुरे झालं, मांडव काढून तिथे गाडीसाठी शेड घालू. तो वाईट मनाने बोलत नव्हता. आईचं वय त्याला दिसत होतं. मी मध्ये पडले आणि म्हणाले, एवढी खेप मी बघते. ताई त्याला म्हणाल्या, ‘ही खेप नीट उतरली तर मांडव राहील. बिघडली तर काढ, मी कोनाला विचारनार नाही.’

म्हणजे मांडवाचं जे काही व्हायचं ते आता माझ्या हातात होतं.

पहिल्या संध्याकाळी मी केळी टोपल्यांत रचली. ओळीत, एका मापाने. ताई औषध घेऊन आत झोपल्या होत्या. कोपऱ्यात वाळक्या पानांचा ढीग होता. त्यात कोळिष्टकं होती, धूळ होती, एक पाल पळाली. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. ती पानं मी खाण्याच्या वस्तूवर घालणं शक्य नव्हतं. ओट्यावर नवीकोरी निळी ताडपत्री होती, ती धुऊन पुसून टोपल्यांवर टाकली आणि चारी बाजूंनी खोचली. दव आत जायला फट ठेवली नाही. फार समाधान वाटलं.

सकाळी ताडपत्री उचलली तर तिच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लोंबत होते. केळी बुळबुळीत झाली होती आणि आंबूस वास येत होता. मी ताईंना उठवायला गेले.

त्या आल्या. ताडपत्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

‘काय गं, वह्यांना घालतेस तसं कव्हर घातलंस?’

मी ताडपत्रीची घडी घालू लागले.

‘त्यांना रातभर घाम येतो, बाई. तो जाईल कुठं?’

मग डाव्या हाताने त्यांनी एकेक केळं चाचपायला सुरुवात केली. नुसतं बोट टेकवायचं, आणि हे ठेव, हे गुरांना. दोन टोपल्या पार गेल्या. उरलेली मी फडक्याने टिपून उन्हात पसरली. संध्याकाळी त्यांनी मला पानं झटकायला लावली, आणि मी झटकत असताना सांगितलं की खाली दोन पानं आडवी, वर उभी, कडेला जरा मोकळं, सगळ्यात वर गोणपाट. दाबायचं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी एकटीच उठून गेले. वाडीत दव पागोळ्यांसारखं गळत होतं. गोणपाट ओलं, त्याखालचं पान दमट, त्याच्या खालचं पान मात्र कुरकुरीत कोरडं. त्यात हात घातला आणि तसाच ठेवून उभी राहिले. आत ऊब होती, झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या पाठीखाली असते तशी. बाहेरचं पाणी आत आलं नव्हतं आणि आतलं पाणी बाहेर निघून गेलं होतं. हे काम एका मेलेल्या पानाने केलं होतं, आणि पानही त्याच केळीचं. जिवंत असताना उन्हातून फळ पोसलं, वाळल्यावर त्याच फळाचं पांघरूण झालं. मी चाळीस वर्षं त्या वाडीत येत-जात होते आणि त्या ढिगाला कचरा समजत होते.

पुढचे पाच दिवस केळी रोज रंग बदलत गेली. पांढरट होती ती पिवळी, मग तांबूस, शेवटी मधासारखी, की उजेडासमोर धरली तर आरपार दिसावं. मला रोज सकाळी टोपली उघडायची घाई व्हायची. शेवटी ती पुन्हा वाळल्या पानातच गुंडाळून केळीच्या खोडाच्या सोपटाच्या दोरीने बांधली. ताई बोटाने दाखवत होत्या, गाठी मी मारत होते.

निम्मीच खेप वाचली. ताईंनी ती मुलासमोर ठेवली आणि म्हणाल्या, ‘अर्धी बिघडली. आता तू ठरव.’ त्याने एक पुडी सोडली, उभ्याउभ्या खाल्ली, आणखी एक घेतली. मग म्हणाला की शेड फाटकापाशी घातली तरी चालेल.

मांडव आहे. यंदा त्याचे चार बांबू नवे घातले.