वर्लिनने भरलेली मोटर

वर्लिन शूपच्या हातची मोटर मी कधी परत उघडली नव्हती. तशी वेळच येत नसे. आमच्या ओहायोतल्या गावात व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करणारे आम्ही दोघंच. चाळीस वर्षं आम्ही एकमेकांची गिऱ्हाइकं पळवली आणि दर शनिवारी एकत्र नाश्ता केला. दुकानं बंद केल्यावर मी मासे पकडायला लागलो. तो मात्र तळघरात बसून साठ-साठ वर्षांची जुनी मशीनं चालती करायचा.

मार्चमध्ये त्याच्या बायकोचा, नेडाचा फोन आला.

"ड्वेन, माझ्या आईच्या मशीनची मोटर वर्लिनने नवी तार गुंडाळून भरलीय, पण ती धड चालत नाहीये. येऊन बघशील?"

"वर्लिनचं काम मी बघू? जिन्यावरूनच हाकलून देईल मला."

"तू ये," ती म्हणाली. हसली नाही.

मी गेलो तेव्हा वर्लिन तळघरात टेबलाशी बसला होता. "आला का चोर," तो म्हणाला. "माझी कला शिकायला आलास?"

"म्हाताऱ्या, तुझी कला जळतेय म्हणे."

त्याने बटण दाबलं. मोटर फिरली, पण आवाज जड होता, आणि फिरत्या भागाला वीज देणाऱ्या कार्बनपाशी निळ्या ठिणग्यांचं कडं उठलं. दहा सेकंदांत जळक्या व्हार्निशचा वास आला. मी प्लग ओढला.

"कार्बन नवीन आहेत," तो म्हणाला. "स्प्रिंगा बदलल्या, बेरिंगं बदलली."

मी सगळं एकेक करून तपासलं. कार्बन नीट बसलेले, बेरिंगं हलकी फिरत होती, बाहेरच्या कॉइलमध्ये दोष नव्हता. आर्मेचर, म्हणजे तार गुंडाळलेला फिरता भाग, तपासणीच्या यंत्रावर धरलं. आतल्या तारा कुठेही एकमेकींना चिकटलेल्या नव्हत्या. तार तर इतकी सुंदर बसवली होती की मला जुना हेवा वाटला. मग राहिली एकच गोष्ट. प्रत्येक गुंडाळीचं टोक तांब्याच्या ठरलेल्या पट्टीला जोडावं लागतं. एक घर चुकलं तरी मोटर फिरते, पण ठिणग्या टाकत स्वतःला जाळत राहते.

जुनी तार काढण्याआधी वर्लिनने वहीत पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं : खाचेपासून डावीकडे तिसरी पट्टी. मी भिंग लावून पाहिलं. टोकं चौथ्या पट्टीला होती. चोवीसच्या चोवीस.

"वर्लिन, एक घर सरकलंय रे."

"शक्यच नाही." त्याने आर्मेचर माझ्या हातातून घेतलं, खाचेवर स्क्रूड्रायव्हरचं टोक ठेवलं आणि मोठ्याने मोजायला लागला. "एक... दोन..." तो थांबला. टोक तिथेच होतं. पुन्हा, "एक... दोन..." मग माझ्याकडे बघून त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "काय मोजत होतो मी?"

मला वाटलं थट्टा करतोय. मी हसलोही. ते हसू मला अजून छळतं.

तो वर कॉफी आणायला गेला तेव्हा नेडा जिन्याच्या पायरीवर उभी होती. तिने खाली येऊन टेबलाखालची बादली पायाने पुढे सरकवली. त्यात कापून काढलेली तार होती, एका आर्मेचरची नव्हे, तीन आर्मेचरांची असावी एवढी.

"नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासून तीनदा भरलंय त्याने हे," ती म्हणाली. "दर वेळी त्याला वाटतं, पहिल्यांदाच भरतोय."

"तुला माहीत होतं? मग मला कशाला बोलावलंस?"

"मी सांगितलं तर म्हणतो, तुला मोटरमधलं काय कळतं. तुझ्यासमोर तरी पटेल असं वाटलं." तिने डोळे पुसले नाहीत. "आणि मला एकटीला हे माहीत असणं सहन होईना."

मी आर्मेचर घरी नेलं, टोकं सोडवून तिसऱ्या पट्टीला जोडली, दोऱ्याने नव्याने बांधून व्हार्निश दिलं. आठवड्याने मोटर बसवून चालू केली. आवाज एकसारखा, ठिणगी नावाला. नेडाने त्या मशीनने बैठकीतला गालिचा साफ केला. वर्लिन खुश झाला.

"कोणी केलं?"

"तूच केलंस," मी म्हणालो. नेडाशी तसंच ठरलं होतं.

त्याने मशीन आडवं केलं, स्क्रू सोडले, मोटर बाहेर काढली. हात इतके सराईत चालत होते की मला क्षणभर आशा वाटली. दोऱ्याच्या बांधणीवर त्याने अंगठा फिरवला.

"ही गाठ माझी नाही. ही तुझी आहे. तू नेहमी दोनदा आवळतोस, भित्रा कुठला." मग त्याने मोटर खाली ठेवली. "म्हणजे मला आता जमत नाही. आणि तुम्ही दोघं मला लहान मुलासारखं फसवता."

"वर्लिन, अरे..."

"घरी जा, ड्वेन."

शनिवारी तो नाश्त्याला आला नाही. पुढच्याही नाही. डॉक्टरांनी मेंदूच्या आजाराचं नाव सांगितलं. नेडाने गाडीच्या किल्ल्या लपवल्या. तळघरात तो परत उतरला नाही. जिवंत असेपर्यंत त्याला माझं नाव आठवत होतं, पण राग कशाचा ते आठवत नव्हतं. पुढे वृद्धाश्रमात ठेवल्यावर मी भेटायला गेलो की तो मान वळवायचा आणि नर्सला म्हणायचा, "या माणसाने माझं वाईट केलंय. काय केलं ते तेवढं विचारा त्याला."

दोन वर्षं मी दर शनिवारी जात राहिलो.