अण्णांच्या चुका

माधवअण्णांनी चार वर्षांत मला एकही प्रश्न विचारला नाही. ते फक्त चुकायचे. बंगळुरात, चामराजपेटेत, त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला आले, तेव्हा सामान उतरत असतानाच म्हणाले, "सोलापूरची पोरगी आली, बरं झालं."

"नाही हो, नागपूरची."

"सरी, सरी, नागपूर." 'बरं'साठी त्यांचा हा कानडी शब्द. "आणि वडील रेल्वेत."

"नाही, शाळेत शिक्षक होते."

शेवटची पिशवी वर जाईपर्यंत माझं लग्न का लांबलंय, हेसुद्धा त्यांना कळलं होतं. मला वाटलं, म्हातारा जरा गोंधळलेला आहे बिचारा.

त्यांचं घराणं पिढ्यान्पिढ्या बंगळुरातलं. दर रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर आमच्यासारखी नोकरीसाठी आलेली मराठी पोरं जमायची. कुणी इंदिरानगरहून, कुणी एचएसआरहून. अण्णांची बायको, आमच्या सगळ्यांच्या अक्का, पातेलंभर उप्पिट करायच्या. "स्वल्प कॉफी घे गं," म्हणत अण्णा स्वतः पेला हातात द्यायचे. "माणसं जमवावी लागतात. आपोआप जमतो तो कचरा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि जमवायचेही, खोटं कशाला बोलू? मला डेंग्यू झाला तेव्हा नागपूरहून आई येईपर्यंत हा माणूस हॉस्पिटलात माझ्या उशाशी बसून होता.

त्याच ओसरीवर एका रविवारी मुक्ताचा विषय निघाला. मुक्ता माझी कॉलेजातली मैत्रीण. घरच्यांनी बळेच लग्न ठरवलं म्हणून साखरपुड्याच्या आदल्या दिवशी घर सोडून इकडे आलेली. तिचा भाऊ तिला शोधत होता, आणि तो हात उगारणारा होता. ती कुठे राहते ते फक्त मला ठाऊक होतं. दिवाळीत एकदा मी तिला अण्णांकडे फराळाला आणलं होतं, तेवढीच त्यांची ओळख.

पेपरातून मान वर न करता अण्णा म्हणाले, "तुझी ती मुक्ता इंदिरानगरला चांगली रुळली म्हणे."

"इंदिरानगर कुठलं अण्णा, एचएसआरला असते ती."

"हां, त्या बागेसमोरच्या हॉस्टेलात."

"हॉस्टेल नाही हो, मोठ्या बेकरीच्या वर खोली आहे तिची."

"सरी," अण्णा म्हणाले, आणि अक्कांना मला आणखी उप्पिट वाढायला सांगितलं.

आठवड्याच्या आत मुक्ताचा भाऊ त्या बेकरीसमोर उभा राहिला. ती मागच्या जिन्याने निसटली. नोकरी सोडली, शहरही सोडलं. हे सगळं मला तिच्या एकाच फोनवर कळलं. "फक्त तुलाच माहीत होतं," ठेवताना म्हणाली. तो नंबर आता लागत नाही.

बेकरीचं नाव मी फक्त ओसरीवर काढलं होतं. मी तरातरा खाली गेले. अण्णांनी काही नाकारलं नाही. मुक्ताच्या वडिलांनी कुठल्याशा सोयऱ्यांकरवी त्यांना गाठलं होतं. "बाप रडत होता गं फोनवर," ते म्हणाले. "बापाला लेक सापडावी, यात वाईट काय?"

"मला सरळ विचारायचं होतं अण्णा."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस? विचारलं की माणूस तोंड मिटतो." मग अगदी मायेने म्हणाले, "आणि मी तर चुकीचंच बोललो होतो. बरोबर ते तू सांगितलंस."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मुक्ताचा भाऊ वाईट होता हे मला आधीपासून माहीत होतं, त्याचा राग काय करायचा? पण ज्याने तापात मला पाणी पाजलं, त्याने माझ्याच तोंडून माझी मैत्रीण काढून घेतली. आजही रविवारी सकाळी कुठे कॉफीचा वास आला की मी रस्ता बदलते.

महिन्याभरात मी जागा सोडली. टेम्पोत सामान चढत होतं. अण्णा दारात उभे होते आणि त्यांचे डोळे भरले होते. ते नाटक नव्हतं, एवढं मला त्यांच्याबद्दल कळतं. उपरण्याने डोळे पुसत म्हणाले, "एचएसआरला चाललीस म्हणे."

मी जात होते भलतीकडेच. 'नाही हो अण्णा' सवयीने ओठांवर आलंसुद्धा.

"सरी अण्णा," मी म्हटलं, आणि टेम्पोत बसले.