पस्तीस किलोच्या आत

चिकूचे क्रेट मोजायला आमच्या पडवीत एक इलेक्ट्रॉनिक काटा ठेवलेला असतो. २०१९ च्या एप्रिलमध्ये एका सकाळी मी वाडीतून क्रेट उचलून आणला, तर काट्यावर माझी मुलगी अनवाणी उभी होती. ती सहावीत होती. अंगात शाळेचा पातळ फ्रॉक, केसांतल्या पिनासुद्धा काढून खाली ठेवलेल्या.

"काय गं, आज तुलाही बाजारात पाठवायची का?"

ती हसली नाही. "बाबा, हा काटा बरोबर दाखवतो ना?"

"व्यापारी म्हणतो जास्त दाखवतो."

"म्हणजे मी याहून कमी आहे?" तिचा चेहरा एकदम उजळला.

काटा छत्तीस किलो चारशे दाखवत होता. फेब्रुवारीत शाळेत तपासणी झाली तेव्हा ती अडतीस होती. मधल्या काळात तिची उंची वाढली होती, फ्रॉक गुडघ्याच्या वर गेला होता. वाढत्या पोराचा आकडा खाली येत नसतो. मी तिला विचारलं. ती म्हणाली, तळासरीला कराटेची स्पर्धा आहे, सरांनी तिला पस्तीस किलोच्या आतल्या गटात घातलंय, वरच्या गटातल्या मुली फार थोराड आहेत. एवढं सांगून ती पिना उचलून आत गेली.

कराटेला तिला आम्हीच घातलं होतं. कोसबाडहून डहाणूला शाळेत एकटी जायची, रस्त्यात कुणी हात धरला तर झटकता आला पाहिजे, असं तिच्या आईचं म्हणणं. सर तळासरीहून मोटारसायकलवर येत. तिशीतला शांत माणूस. सायवनकडच्या पाड्यांवरच्या मुलांना फुकट शिकवायचा. त्याच्याबद्दल वाईट बोलणारं कुणी मला भेटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात चैत्रातले देवीचे उपवास सुरू झाले. आमच्या घरी बायको करते. शेजारच्या गुजराती बेन तर नऊ दिवस फक्त फळांवर असतात. यंदा मुलगीही म्हणाली, मी पण करणार, आणि दिवसभर निर्जळी करणार. घरात कौतुकाला उधाण आलं.

"बहु डाही दीकरी छे, फार शहाणी पोर," बेन म्हणाल्या. "माझ्या सुनेला दुपारपर्यंत धीर निघत नाही."

बायको म्हणाली, "जत्रेला हिलाच घेऊन जाते महालक्ष्मीला. पायी."

मलाही बरं वाटलं. देवीच्या नावानं पोर पाणी सोडते आणि काट्यावर उभी राहते, या दोन गोष्टी मी चार दिवस एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

पाचव्या दिवशी तिला आणायला मी क्लासला लवकर पोचलो. क्लास एका जुन्या हॉलमध्ये भरे. आत पालकांना मनाई. मुलांचं लक्ष उडतं, हे कारण सगळ्यांना पटलेलं. बाहेर चिंचेखाली स्कूटर लावून आम्ही थांबायचो. वरोरची एक मासे विकणारी बाई रोजची होती, तिचा मुलगा माझ्या मुलीएवढाच.

"भाऊ, तुमची पोरगी पण थुंकते का हो?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"आमचा दिवसभर चिंच चघळतो आणि डब्यात थुंकतो. मी म्हटलं, मेल्या, तुला काय दिवस गेलेत? तर म्हणतो, आई, वजन उतरतं." ती खूप हसली. मीही हसलो, आणि हसता हसता मला पडवीतला काटा आठवला.

मागच्या बाजूला एक खिडकी होती, तिची काच अर्धी फुटलेली. मी तिथून आत पाहिलं. एप्रिलची दुपार, वर पत्रा, पंखा बंद. सात मुलं प्लास्टिकचे रेनकोट घालून गोल धावत होती. टोप्या डोक्यावर, गळ्याशी बटणं लावलेली. कुणी बोलत नव्हतं. प्लास्टिकचा आवाज तेवढा येत होता. माझी मुलगी चौथी होती. इतर मुलांचे चेहरे घामानं निथळत होते, तिचा कोरडा होता.

क्लास सुटल्यावर मी सरांना बाजूला घेतलं.

"काका, घाबरू नका," ते म्हणाले. "सगळीकडे करतात. मीही लहानपणी केलंय. स्पर्धेच्या सकाळी वजन झालं की पोटभर पाणी प्यायचं. दोन तासांत माणूस पहिल्यासारखा."

"ती लहान आहे."

"लहान आहे म्हणूनच लवकर उतरतं."

मी म्हटलं, तिला आजपासून पाणी प्यायला सांगा, नाहीतर मी नाव काढतो. त्यांनी वाद घातला नाही. "ठीक आहे, सांगतो."

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला आणि मुलीला समोर बसवून उपवास सोडायला लावला. मुलगी जेवली. पाण्याचा पेला घेऊन मागच्या दारी गेली, रिकामा घेऊन आली. पुढचे दोन दिवस असंच चाललं. तिसऱ्या दिवशी मागच्या दारची जास्वंद भरदुपारी बुंध्याशी ओली दिसली, बाकी जमीन तापून फुटलेली. मी तिथेच उभा राहिलो. आत जाऊन तिला काय बोलायचं ते मला सुचेना. ओरडलो तर ती आणखी हुशारीनं लपवील. नाही ओरडलो तर?

तेवढ्यात आतून बायकोची हाक आली. अशी हाक तिनं मला कधी मारली नव्हती.

मुलगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकून बसली होती. डोळे उघडे, पण नजर माझ्यावर ठरत नव्हती. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही. मला म्हणाली, "सर, अजून दोन राऊंड राहिलेत." बायकोनं तांब्या तिच्या ओठाला लावला. मुलीनं दात घट्ट मिटले. पाणी हनुवटीवरून खाली गेलं. मी तिचा जबडा धरला. अर्धवट शुद्धीतली बारा वर्षांची पोर, पण ते दात माझ्याच्यानं सुटेनात. मिटल्या दातांतून ती म्हणत होती, "नाही. वाढेल."

बेनच्या मुलानं गाडी काढली. डहाणूपर्यंतच्या रस्त्यात मी तिच्या अंगावर ओला टॉवेल धरून बसलो होतो आणि तिची छाती हलते की नाही, एवढंच बघत होतो.

दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर वेगळं बोलावं लागलं असतं. दुसरी बाटली लावताना तिला नीट शुद्ध आली. तिनं वर पाहिलं.

"बाबा, ही बाटली किती वजनाची आहे?"

अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे अर्धा किलो. हे मला झोपेतही सांगता आलं असतं. मी म्हटलं, "हलकी आहे." तिचा विश्वास बसला नाही. ती मोकळा हात सुईकडे नेऊ लागली, तो मी धरून ठेवला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता तोंडानंही पाणी गेलं पाहिजे. बायकोनं विनवलं, मी विनवलं. तिनं तोंड भिंतीकडे केलं.

ऊन उतरता उतरता सर आले. कुणीतरी त्यांना फोन केला होता. दारातच थांबले. चेहरा पांढरा पडलेला. त्यांना पाहताच मुलगी उठून बसायला लागली.

"सर, मी नाही प्यायले. हे बाटलीतून घालतायत."

बायको त्यांच्या अंगावर धावून जाणार होती. मी तिला थांबवलं. त्या क्षणी मला त्या माणसाची गचांडी धरावीशी वाटत होती, आणि त्याच माणसावाचून माझं चालणार नव्हतं. मी टेबलावरचा पेला त्यांच्या हातात दिला.

"तुम्ही सांगा तिला. आमचं ऐकत नाही."

ते कॉटजवळ गेले. थोडं पाणी चादरीवर सांडलं. "पी," ते म्हणाले.

"वजन?"

"वजन नाही करायचं. तू खेळत नाहीयेस उद्या. पी."

तिनं पेला घेतला आणि एका दमात संपवला. आणखी मागितला. तोही संपवला. बायको रडायला लागली. ती प्यायली म्हणून सुटका झाली होती, पण ज्या सहजतेनं प्यायली ते पाहून मी आधीपेक्षा जास्त घाबरलो होतो. हा माणूस उद्या तिला दुसरं काही म्हणाला असता तर?

मी त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं.

"रेनकोटमध्ये सात मुलं होती. बाकी सहा आज काय प्यायली?"

ते खालच्या आवाजात म्हणाले, "काल संध्याकाळपासून सगळ्यांचं पाणी बंद केलंय. उद्या सकाळी वजन आहे."

"फोन काढा."

"काका, मी सगळ्यांना घरी जाऊन..."

"आत्ता. माझ्यासमोर."

त्यांनी फोन काढला. पहिला वरोरला लावला. मासेवाल्या बाईचा आवाज मला बाजूला उभं राहून ऐकू येत होता. मुलगा झोपलाय, ती म्हणत होती, दुपारपासून झोपलाय, उठवला तर चिडतो.

"उठवा त्याला," सर म्हणाले. "पाणी द्या. साखर-मीठ घालून द्या. नाही घेतलं तर..." ते अडखळले, माझ्याकडे पाहिलं, मग फोनमध्ये हळू म्हणाले, "नाही घेतलं तर माझं नाव सांगा. सरांनी सांगितलंय म्हणा. म्हणजे घेईल."

सहाही घरी त्यांनी तेच सांगितलं. सहाव्या फोनपर्यंत मी तिथून हललो नाही.