जोडीची पाती

माझ्या बायकोनं, हमीदानं, आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे खोकी बांधणं. ती खोक्यावर बसायची, मी दोरी आवळायचो. "ओ, अजून ओढा की! माझं वजन काय फुकट घालवता?" म्हणाली आणि हसली. नईम मोहल्ल्यातली आमची खोली रिकामी झाली होती. रविवारचं विमान होतं. बहरीन कायमचं सोडून गावाला, खाडीकाठी, मुलगी शमीमच्या शेजारी राहायला जायचं होतं.

शेवटचं खोकं बंद करताना तिनं एक पिशवी पुढे केली. आत तिचं कफन होतं. उमऱ्याच्या यात्रेला गेलो तेव्हा जमजमच्या पाण्यात भिजवून, वाळवून आणलेलं.

"हे हातातल्या बॅगेत ठेवा."

"गावाला पोचायच्या आधी मरतेस काय?" मी म्हणालो. माझं तोंडच तसं. पिशवी खोक्यात कोंबली. कार्गोवाले सगळं जहाजावर चढवायला घेऊन गेले. जेवण झालं, ती चटईवर आडवी झाली. दुपार कलली, असरच्या अजानला उठली नाही.

गावच्या माणसांनो, तुम्ही विचारता, तिकीट हातात असून युसूफ आला का नाही. आखातात राहणारे माझे जुने सोबती म्हणतात, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. म्हणून लिहितोय. मी चौथी शिकलेला, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा बापूस होड्या बांधायचा. मी गाव सोडलं तेव्हा धक्क्यावर आला नाही, हातातलं काम टाकून कसा येणार? आदल्या दिवशी एवढंच म्हणाला, "लाकडाची नस बघ, मग हत्यार उचल." त्या एका वाक्यावर मी परदेशात जन्म काढला. मीना सलमान बंदरावर पेट्या ठोकल्या, अरबांच्या होड्या दुरुस्त केल्या. हमीदा नंतर आली. पोरगी इथंच वाढली, लग्न होऊन गावाला गेली. आमचा प्रवास उलटाच.

शेवटची दोन वर्षं तुबलीच्या एका वर्कशॉपमध्ये होतो. आमच्या अरबाबला, म्हणजे मालकाला, लढाईतली जुनी वाहनं जमवायचा नाद. त्यानं एक हेलिकॉप्टर आणलं, फौजांनी हेलिकॉप्टरं पहिल्यांदा वापरली त्या काळातलं. मला वाटायचं, हेलिकॉप्टर म्हणजे नुसतं लोखंड. आमचा फोरमन नायर, पूर्वी फौजेत हेलिकॉप्टरचा मेकॅनिक होता. तो म्हणाला, "युसूफभाई, इसका पंखा लकडी का है. इसीलिए आपको बुलाया."

खरंच, वरची दोन लांब पाती लाकडाची. पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या, पुढच्या कडेला वजनाला पोलादी पट्टी, वरून कापड ताणायचं आणि रंग द्यायचा. पावसात भिजलं की एक पातं जड व्हायचं आणि सगळं यंत्र थडथडायचं. नायर सांगायचा, अगदी सुरुवातीला पाती ताठ बसवली तर यंत्र एका अंगाला कलंडायचं. पुढं कुणीतरी बुडाशी बिजागरी घातली, पातं जरा वरखाली हलायला मोकळं झालं, तेव्हा नीट उडालं. ताकद एवढी कमी, की आत जेमतेम दोघंतिघं. जखमी शिपायाला बाहेरच्या बाजूला खाटलीवर बांधून डोंगरातून आणायचे. हमीदाला हे सांगितलं तर म्हणाली, "या अल्ला, जखमेनं नाय मेला तर भीतीनं मरायचा!"

एक नियम नायरनं मला पहिल्या दिवशीच सांगितला होता. पाती जोडीनं बनतात, एकमेकांशी तोलून. एक मोडलं तर दुसरं चांगलं असलं तरी उतरवायचं. हेही मी घरी सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"मग मी गेले की तुमालाबी उतरवतील," म्हणाली.

"उतरवू देत," मी म्हणालो. दोघंही हसलो.

पाती झाली, वाकडी नाहीत की जड नाहीत. काम संपलं, व्हिसा कॅन्सल करायचे कागद भरले. आणि मग ती खोकी.

जुम्म्याच्या नमाजनंतर तिला इथल्या कबरस्तानात दफन केलं. कफन कबरस्तानातल्या लोकांनी दिलं, चांगलं होतं, पण तिचं नव्हतं. तिचं कापड समुद्रावर, तिची भांडी समुद्रावर, ती वाळूत. तिनं माझ्याकडे मागितलेली शेवटची वस्तू मी खोक्यात घातली. शमीम फोनवर रडत म्हणाली, "अब्बा, तुम्ही या, मी आहे ना." मी हो म्हणालो. जायचं असंच ठरलं होतं.

रखवालदाराला विचारलं, मी सुतार आहे, नावाची पाटी करून लावू का? तो म्हणाला, "मफी, बाबा." म्हणजे नाही. इथं नुसता दगड ठेवतात, नाव नाही. मी मोजून घेतलं. भिंतीपासून चौथी रांग, दारापासून सातवी कबर.

शनिवारी सकाळी तिथं गेलो. वारा सुटला होता, वाळूनं सगळे उंचवटे सारखे करून टाकले होते. मी उभा राहून फातिहा पढलो, दुआ केली, सगळं केलं. निघताना दाराकडून परत मोजलं. मी सहाव्या कबरीपाशी उभा होतो.

एका रात्रीत मी चुकलो.

गावात कुणाचीही कबर शाळेतली पोरंसुद्धा दाखवतात. इथं हमीदाची दाखवणारा मी एकटा, आणि मीच चुकतो. मी विमानात बसलो तर उरलं कोण? तुम्ही विचारता, युसूफ, तुझं घर कुठं? चौथी रांग, सातवी. आता एवढंच आहे.

सातवीपाशी जाऊन परत पढलो. मग बस धरून तुबलीला गेलो. नायर चहा पीत होता. मला बघून उठून उभा राहिला.

"युसूफभाई, कल आपका फ्लाइट है ना?"

"नाही जात. अरबाबला सांग, व्हिसाचे कागद थांबवा."

"काम तो खलास हो गया."

हेलिकॉप्टरच्या शेपटीला छोटा पंखा लागतो. तो नसला तर सगळं यंत्र स्वतःभोवतीच फिरत राहतं. त्याची पाती पत्र्याची आणायची असं ठरलं होतं.

"ती मी लाकडाची करतो," मी म्हणालो. "माप दे."

नायर चहा तसाच ठेवून वळला. मापाचा कागद आणायला आत गेला. मी चपला काढल्या, फळ्यांच्या ढिगाशी बसलो आणि वरची फळी उजेडाकडे धरून नस बघू लागलो.